मुका खांब, दोन साखळ्या

नोव्हेंबर संपत आला की माझ्या ऑफिसच्या पिशवीत जेवणाच्या डब्याशेजारी आणखी एक छोटा स्टीलचा डबा येतो. एरवी तो चटणीचा. नाताळपर्यंत मात्र त्यात पांढऱ्या सुती दोऱ्याचा गुंडा, सव्वा मिलिमीटरची क्रोशाची सुई आणि एक नखकात्री असते. झाकणाला कडेला भोक पाडून घेतलं आहे. दोरा त्यातून बाहेर येतो आणि गुंडा आतल्या आत फिरत राहतो. एका वर्षी गुंडा मांडीवरून निसटून सीटखाली गेला, तो तीनदा धुऊनही पांढरा झाला नाही. तेव्हापासून ही सोय.

वसई रोड ते चर्चगेट 52 किलोमीटर. फास्ट गाडीने सव्वा तास धरायचा. बसायला मिळालं तर एवढ्या वेळात नाताळच्या झाडाला टांगायच्या माझ्या दोन चांदण्या विणून होतात. नायगाव सुटलं की खाडीचा पूल लागतो. दोन्ही बाजूंना पाणी येतं आणि डब्यात एकदम उजेड वाढतो. पहिला फेर मी त्या उजेडात घालून घेते, कारण पहिल्या फेराला डोळ्यांना सगळ्यात जास्त ताण पडतो. भाईंदरपासून गर्दी अशी होते की कोपरं अंगाशी घ्यावी लागतात. दोन लांब सुयांचं विणकाम त्या गर्दीत जमत नाही. क्रोशाला पंज्याएवढी जागा पुरते.

क्रोशाची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. त्यात कोणत्याही क्षणी सुईवर एकच टाका उघडा असतो. दोन सुयांच्या विणकामात पन्नास-साठ टाके एकाच वेळी सुईवर टांगलेले असतात, त्यातला एक निसटला तर खालपर्यंत उसवत जातो. क्रोशात उतरायची वेळ झाली की तो एकुलता एक फासा जरा लांब ओढायचा, सुई काढून घ्यायची, डबा बंद. संध्याकाळी परतीच्या गाडीत फासा जिथे होता तिथेच असतो. बाईच्या दिवसाला साजेसं काम आहे हे. कुकरची शिट्टी, दारावरची बेल, बाळाचं रडणं, अंधेरीला चढणारी गर्दी, काहीही मध्ये आलं तरी बिघडत नाही.

आमच्या डब्यात हात रिकामे ठेवणाऱ्या बायका कमीच. डिसेंबरात बोरिवलीपर्यंत मटार सोलून होतात, मेथी निवडून होते, कुणी गजरा ओवतं, कुणी हरिपाठ म्हणतं. महिन्याच्या शेवटी संक्रांतीची तयारी सुरू होते. विरारहून येणाऱ्या एक मावशी होत्या, त्या हलव्याचे दागिने करायच्या. नव्या सुनेसाठी मंगळसूत्र, बाजूबंद, हार. बाळाच्या बोरन्हाणासाठी मुकुट आणि बासरी. मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर सोनेरी कागद, आणि वाटीत काटेरी पांढरा हलवा. मी त्यांच्या समोरच्या सीटवर. त्यांच्या मांडीवर पांढरं, माझ्याही मांडीवर पांढरं. ओळख तिथून झाली.

त्यांनी बराच वेळ माझ्या हाताकडे पाहिलं आणि विचारलं, “काय गं, खांब किती घेतेस पहिल्या फेराला?”

मला कळेचना कसला खांब. मी क्रोशा शिकले शाळेत, सिस्टरांकडून, आणि आमचे सगळे शब्द इंग्रजी. चेन, सिंगल, डबल, ट्रेबल. मावशींनी माझ्या हातातली सुई घेतली आणि दाखवलं. ही साखळी. हा मुका खांब, बुटका, दोरा सुईवर न घेता केलेला. हा अर्धा खांब. आणि हा खांब, सुईवर एक वेढा घेऊन दोनदा ओढलेला. साखळ्या घालून पुढे गेलं की कमान होते. त्या आयुष्यभर दिवाळीला तोरणं करत आल्या होत्या. हत्ती, मोर, कलश, सगळं या खांबांच्या आणि मोकळ्या घरांच्या हिशेबावर.

त्या दिवसापासून मी मराठीत विणते. हे काही भाषेच्या प्रेमापोटी केलेलं नाटक नाही. इंग्रजी शब्दांनी मला एकदा चांगलंच फसवलं होतं. एका परदेशी मासिकातून चांदणीचा नमुना उतरवून घेतला, मोजून मापून विणला, आणि चांदणीच्या जागी सैल, भोकाभोकांची, कडेने लहरी पडलेली चकती तयार झाली. दोन वेळा उसवली, दोन वेळा तशीच झाली. पुढे समजलं, की अमेरिकेत ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात त्यालाच ब्रिटनमध्ये डबल क्रोशे म्हणतात, आणि अमेरिकेतलं डबल ते ब्रिटनमधलं ट्रेबल. सिस्टरांचे शब्द अमेरिकन, मासिक ब्रिटिश. माझा प्रत्येक टाका एका पायरीने उंच पडत होता. मुक्या खांबाच्या बाबतीत असा घोळ होऊच शकत नाही. आणि शब्द तरी किती नेमके! टाका आधी उभा राहतो, मग त्याच्या डोक्यावर पुढचा फेर बसतो. मांडव घालताना आधी खांब रोवतात, मग त्यावर आडवे वासे येतात, तसंच. लग्नाचा मांडव आमच्या वसईतही हिंदू-ख्रिस्ती दोन्ही घरांत पडतो, त्यामुळे हे शब्द मला कुणी समजावून सांगावे लागले नाहीत.

माझी चांदणी अगदी सोपी आहे. ज्यांनी सुई कधी हातात धरली नाही त्यांनाही चार-पाच दिवसांत येईल. दोरा तर्जनीभोवती एक वेढा गुंडाळून सैल गोल करायचा. त्या गोलात तीन साखळ्या घालायच्या, त्या पहिल्या खांबाच्या जागी धरायच्या. मग त्याच गोलात अकरा खांब. एकूण बारा झाले. दोऱ्याचं मोकळं टोक ओढलं की मधलं भोक मिटतं आणि बारा खांब गोल मांडून बसतात, घड्याळातल्या आकड्यांसारखे. टाका ओढून फेर बंद करायचा. दुसऱ्या फेराला एका खांबाच्या डोक्यावर मुका खांब. त्याच्या पुढच्या खांबाच्या डोक्यावर, एकाच घरात, म्हणजे एकाच भोकात, अर्धा खांब, खांब, दोन साखळ्या, खांब, अर्धा खांब. हे झालं एक टोक. पुन्हा मुका खांब, पुन्हा टोक. बारा खांबांवर बरोबर सहा टोकं बसतात. शेवटी एका टोकातून पंचवीस-तीस साखळ्या काढून अडकवायचा फास करायचा. मुका खांब घट्ट घ्यायचा आणि टोकातला उंच खांब थोडा सैल सोडायचा, एवढंच काय ते कसब. मुका खांब खाली ओढतो, म्हणून शेजारचं टोक वर येतं.

आईच्या चांदणीला पाच टोकं असत. ती पहिल्या फेराला दहाच खांब घ्यायची. आजीच्या चांदणीला आठ. लहानपणी मी वाद घालायचे, की येशूच्या जन्माच्या वेळी दिसलेल्या बेथलेहेमच्या ताऱ्याला नक्की किती टोकं? बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात दुसऱ्या अध्यायात तारा आहे, पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक आहेत, पण तारा कसा दिसत होता याचं वर्णन नाही. टोकांचा उल्लेख नाही. ज्ञानी लोक तीनच होते, असंही तिथे म्हटलेलं नाही. भेटी तीन होत्या. त्यामुळे आमच्या घरात पाच, सहा आणि आठ टोकांच्या चांदण्या एकाच फांदीवर सुखाने राहतात.

सहा टोकांची चांदणी पाहून लोक तिला बर्फाचा कण म्हणतात. परदेशी नमुन्यांत तर तेच नाव असतं. बर्फाच्या कणाला सहाच बाजू का, हा प्रश्न खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लरला पडला होता. 1611 साली त्याने त्यावर एक छोटी पुस्तिका लिहिली आणि नववर्षाची भेट म्हणून आपल्या एका आश्रयदात्या मित्राला दिली. पाण्याचे रेणू गोठताना षटकोनी मांडणीत बसतात, म्हणून तो आकार, हे उत्तर कळायला पुढची तीनशे वर्षं गेली. अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या विल्सन बेंटली नावाच्या शेतकऱ्याने 1885 मध्ये सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून एकट्या हिमकणाचं छायाचित्र घेतलं आणि पुढे आयुष्यभरात अशी पाच हजारांवर छायाचित्रं काढली. ती पाहिली की हात शिवशिवतात. प्रत्येक कणात विणायला नमुना आहे. पण मी वसईची. डिसेंबरात आमच्याकडे सकाळी अंगणात दव पडतं आणि वाडीतल्या केळीच्या पानांवरून टपटपतं, थंडी म्हणजे तेवढीच. मी विणते ती चांदणीच.

आजीच्या लहानपणी घरात नाताळचं झाड नव्हतं. गोठा होता, येशूच्या जन्माचा देखावा. टोपलीत माती घालून नाचणी पेरायची, ती नाताळपर्यंत हिरवीगार वर यायची आणि गोठ्याभोवतीचं कुरण व्हायची. झाड आमच्या घरी आईच्या लग्नानंतर आलं. झाडाची रीत जर्मन मुलखातली. 24 डिसेंबर हा तिकडे आदाम आणि एवेचा दिवस, म्हणून एदेन बागेची आठवण ठेवून हिरव्या झाडाला सफरचंदं टांगत. 1605 सालच्या एका टिपणात स्ट्रासबुर्गमधल्या घरांत कागदी गुलाब, सफरचंदं आणि साखरेच्या वस्तू लावलेल्या झाडांचा उल्लेख आहे. काचेचे गोळे नंतरचे, जर्मनीतल्या लाउशा गावच्या काचकारागिरांचे. 1848 मध्ये लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात व्हिक्टोरिया राणीच्या घरातल्या झाडाचं चित्र छापून आलं आणि मग जिथे जिथे इंग्रज गेले तिथे तिथे झाड गेलं. म्हणजे सुरुवातीला झाडावर होतं ते खाण्याचं आणि हाताने केलेलं. काच मागाहून आली.

आमचं झाड सुरूचं. वसईच्या किनाऱ्यावर सुरूची दाट रांग आहे, त्या जागेलाच सुरूची बाग म्हणतात. वाऱ्याने मोडून पडलेली चांगली फांदी मिळाली की वडील सायकलला बांधून आणायचे आणि वाळू भरलेल्या बादलीत रोवायचे. बादलीला आई जुन्या साडीचा काठ गुंडाळायची. सुरूच्या ज्या सुया दिसतात त्या पानं नव्हेत. ती हिरवी बारीक डहाळी असते, पेरापेरांची. पान म्हणजे त्या पेरावरचे जेमतेम दिसणारे खवले. आम्ही मुलं एखादं पेर ओढून सुटं करायचो, पुन्हा जागेवर बसवायचो आणि समोरच्याला विचारायचो, “ओळख, कुठे तोडलंय?”

ही फांदी दिसायला नाताळच्या झाडासारखी, पण अंगाने फार नाजूक. देवदाराच्या फांदीसारखी ती ओझं पेलत नाही. एका वर्षी मुंबईहून मामाने काचेचे सहा गोळे आणले होते. लाल, निळे, चंदेरी. फांदीला लावताच टोकं खाली वाकली आणि रात्रीत दोन गोळे घसरून फरशीवर फुटले. आईने उरलेले चार कपाटात ठेवले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पेंडीच्या पोत्याचा दोरा घेऊन बसली.

पोत्याचं तोंड शिवलेलं असतं तो दोरा. बरोबर टोक सापडलं तर एका झटक्यात सगळी शिवण सुटते आणि हातात लांबच लांब दोरा येतो. ती शिवणही साखळीचीच असते, फाशात फासा, म्हणून तर अशी सरसर सुटते. आई तो दोरा गाठी मारून गुंडाळून ठेवायची. त्याला गोठ्याचा आणि पेंडीचा वास यायचा. तिने तो सोड्यात उकळला, उन्हात वाळवला आणि त्या नाताळला नऊ चांदण्या केल्या. पिवळट, जाडसर, पाच टोकांच्या. सुरूची फांदी जराही वाकली नाही. मी अलीकडे स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर माझ्या दहा चांदण्या ठेवून पाहिल्या, पंधरा ग्रॅम भरल्या. एक चांदणी दीड ग्रॅमची. वारा आला की फांदीबरोबर हलते, पडली तर उचलून पुन्हा लावायची, मांजराने ओढली तरी चालतं, लहान मुलाच्या हातात निर्धास्त द्यावी. आमच्या घरात झाडाला हात लावू नको असं कोणत्याच मुलाला कधी सांगावं लागलं नाही.

आईला क्रोशा आजीने शिकवला. आजी देवळातल्या, म्हणजे चर्चमधल्या, वेदीच्या कापडाची लेस विणायची. सकाळी वाडीत पाणी लावायचं, दुपारी पानवेलीची पानं खुडायची, आणि रात्री कंदिलाशी बसून बोटभर रुंदीची लेस हात-हात लांब करत न्यायची. तिच्या बोटांना भेगा असत आणि बारीक दोरा त्यांत अडकायचा, म्हणून विणायला बसण्याआधी ती हाताला खोबरेल लावून पुसून घ्यायची. तेलाचा डाग वेदीच्या कापडाला लागू नये म्हणून पुन्हा पिठाने हात चोळायची. देवाच्या कामात तिने कधी घाई केली नाही. ती गेली तेव्हा वेदीवर तिचीच लेस होती, आणि मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, चालू असताना मी सगळा वेळ त्या लेसेकडेच पाहत होते.

नुसती विणलेली चांदणी झाडावर लावता येत नाही. ती मऊ असते, टोकं गळतात. तिला खळ द्यावी लागते. खळ साबुदाण्याची. दोन चमचे साबुदाणा रात्रभर कपभर पाण्यात भिजवायचा, सकाळी मंद आचेवर शिजवून पारदर्शक झाला की आणखी पाणी घालून पातळ करायचा आणि मलमलच्या फडक्यातून गाळून घ्यायचा. चांदण्या त्यात बुडवून, हलक्या हाताने पिळून, पाटावर मेणकापड पसरून त्यावर मांडायच्या. प्रत्येक टोक बोटाने ओढून टाचणीने रोवायचं. टाचणी गंज न लागणारीच हवी, नाहीतर टोकाला तांबडा ठिपका उमटतो आणि तो जन्मात जात नाही. मग सावलीत वाळवायचं. दुसऱ्या दिवशी टाचण्या काढल्या की चांदणी कडक, ताठ, बोटाने टिचकी मारली तर बारीक आवाज करणारी.

मी मध्यंतरी दुसरे उपाय करून पाहिले. साखरेच्या पाकात बुडवलेल्या चांदण्या अप्रतिम कडक झाल्या, आणि तिसऱ्या दिवशी झाडाच्या बुंध्यापासून शेंड्यापर्यंत मुंग्यांची रांग लागली. पांढरा गोंद पाण्यात कालवून लावला, तो दोन वर्षांत पिवळा पडला आणि कशानेही निघेना. साबुदाण्याइतकं चांगलं मला काही सापडलेलं नाही. कोमट पाण्यात टाकलं की तो सुटतो, दोरा होता तसा होतो.

आता जे सांगायचं आहे, त्यासाठीच खरं तर मी हे लिहायला घेतलं.

दोन वर्षांपूर्वी आमच्या बायकांच्या गटाने नाताळआधी एक टेबल मांडलं होतं. केक, दोदोल, करंज्या, आणि आम्ही चार-पाच जणींनी विणलेल्या चांदण्या, घंटा आणि छोटे देवदूत. चांदणी साठ रुपयांना. एक बाई आल्या, चांदणी उचलली, उलटसुलट पाहिली. “एवढ्याशा दोऱ्याचे साठ रुपये? ऑनलाइन बारा मिळतात दीडशेत.” चांदणी ठेवून त्या गेल्या. मला त्यांचा राग आला नाही. मला त्या दीडशे रुपयांतल्या बारा चांदण्यांचा विचार रात्रभर सुटला नाही.

कारण क्रोशाचं यंत्र नाही. स्वेटर यंत्रावर विणले जातात, लेस यंत्रावर होते, भरतकाम यंत्रावर होतं. क्रोशासारखं दिसणारं कापडही यंत्रातून निघतं, पण ते वेगळ्या विणीचं असतं. टाका उलगडून पाहिला की कळतं. खरा क्रोशा, ज्यात सुई हव्या त्या घरात शिरते, मागे वळते, एकाच भोकात पाच टाके घालते, तो अजून माणसाच्या हातानेच होतो. म्हणजे बाजारात कुठेही, कितीही स्वस्तात खरी क्रोशाची वस्तू दिसली, तर ती कुणीतरी विणलेली आहे. कुणाची तरी अर्धी दुपार त्यात आहे. दीडशे रुपयांत बारा चांदण्या, त्यातून विकणाऱ्याचा नफा वजा, पाठवण्याचा खर्च वजा, दोरा वजा. मग विणणारीच्या हातात काय पडलं?

हा प्रश्न क्रोशाला जुनाच आहे. आयर्लंडमध्ये 1845 पासून बटाट्याचं पीक रोगाने कुजत गेलं आणि पुढच्या सात वर्षांत सुमारे दहा लाख माणसं भुकेने आणि साथीने मेली. त्या काळात कॉर्कजवळच्या ब्लॅकरॉक गावच्या उर्सुलाइन पंथाच्या सिस्टरांनी आणि इतर मठांनी मुलींना क्रोशा शिकवला. व्हेनिसच्या सुईकामाच्या लेसेला जेवढा वेळ लागे त्याच्या कितीतरी कमी वेळात तशीच दिसणारी लेस क्रोशाने होत होती. सुई आणि दोरा, भांडवल एवढंच. एका घरात नुसते गुलाब विणत, दुसऱ्या घरात पानं, आणि तिसरीकडे ते जोडून गळपट्टी होई. त्या लेसेवर घरं जगली, कित्येकांनी अमेरिकेच्या जहाजाचं भाडं त्यातून भरलं. ती गळपट्टी ज्यांच्या गळ्यात होती, त्यांच्या घरात तेव्हा उपासमार नव्हती.

आणि आपल्याकडे आंध्रात, गोदावरीच्या मुखाजवळचं नरसापूर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात स्कॉटिश मिशनऱ्यांनी त्या भागातल्या बायकांना हे विणकाम शिकवलं. आज तिथल्या गावागावांत हजारो बायका ओसरीवर बसून क्रोशा विणतात आणि त्यांच्या हातचा माल परदेशात जातो. 2024 मध्ये नरसापूरच्या क्रोशाला भौगोलिक मानांकन मिळालं. मला त्याचा फार आनंद झाला. पण ओसरीवरच्या बाईला मजुरी मिळते ती नगावर, आणि नगाचा दर कायम तुटपुंजा राहिला आहे, कारण हे काम “फावल्या वेळातलं” समजलं जातं. फावला वेळ म्हणजे काय, हे आजीला विचारायला हवं होतं. पहाटे चारला उठणाऱ्या बाईच्या रात्री दहानंतरच्या वेळाला फावला वेळ म्हणणारा माणूस त्या घरात कधी राहिलेला नसतो.

म्हणून आता टेबलावर कुणी किमतीचं विचारलं, तर मी उत्तर देते. राग न धरता सांगते, की दोरा दोन-तीन रुपयांचा आहे आणि वसईपासून अंधेरीपर्यंतचा वेळ आहे. एका मुलीने हे ऐकून चांदणी हातात धरून ठेवली आणि विचारलं, “मला शिकवाल?” तिला मी सुई दिली. ती आता बारा खांबांपर्यंत पोचली आहे. तिचे खांब अजून लहान-मोठे होतात आणि चांदणी एका बाजूला कलते. मी तिला उसवायला सांगितलेलं नाही. ती चांदणी या वर्षी आमच्या झाडावर होती.

हाताचं वळण अक्षरात असतं तसं दोऱ्यातही असतं. कुणी दोरा करंगळीला दोन वेढे देऊन धरतं, कुणी एक, कुणी नुसताच बोटांतून सोडतं. त्यावर ताण ठरतो. आजीचा हात घट्ट होता, वेदीच्या लेसेची सवय. आईचा हात सैल, तिचे खांब लांब, आणि चांदणी ठरल्यापेक्षा नेहमी थोडी मोठी. माझा दोघींच्या मधला, पण गाडीत विणलेली आणि घरी विणलेली चांदणी मला वेगवेगळी ओळखता येते. गाडीतलीचे टाके जास्त घट्ट. हाताला धक्का बसायची भीती असते ना.

खळ दिली, की मात्र हे सगळं झाकलं जातं. झाडावर सगळ्या चांदण्या सारख्याच ताठ, सारख्याच पांढऱ्या. कोणती कुणाची ते टोकं मोजूनच सांगायचं.

त्या ज्ञानी लोकांचा, म्हणजे तीन राजांचा सण 6 जानेवारीला. तो झाला की झाड उतरवायचं. तोवर सुरू वाळून तपकिरी झालेला असतो आणि हात लावला की पेरं गळतात. चांदण्या तशाच डब्यात भरून ठेवल्या तर पावसाळ्यात खळीवर कसर लागते, झुरळं खळ खाता खाता दोराही कुरतडतात. आईची एक चांदणी अशीच गेली. म्हणून दर जानेवारीत खळ धुऊन काढावी लागते, आणि दर डिसेंबरात नव्याने द्यावी लागते. एखाद्या वर्षी कुणाला सवड झाली नाही, तर त्या वर्षी चांदण्या डब्यातच राहतील. तशी वेळ आमच्याकडे एकदाच आली, आई आजारी होती तेव्हा. पुढच्या वर्षी डबा उघडला तर सगळ्या एकमेकींत गुंतून त्यांचा गोळा झाला होता. मी आणि बहीण रात्री जेवणं झाल्यावर फरशीवर बसून एकेक फास सोडवत होतो.

यंदाही मी 7 तारखेला ऑफिसला जाण्याआधी घमेल्यात कोमट पाणी घेतलं आणि सगळ्या चांदण्या त्यात सोडल्या. सत्तेचाळीस. पाच मिनिटांत पाणी दुधाळ झालं. एकेक टोक मिटत गेलं. बोटांनी हलवलं तर त्या तळाशी फिरायला लागल्या, मऊ, फिकट, एकमेकींवर. दोनदा पाणी बदललं, मग बाहेर काढून जुन्या पंचावर पसरल्या. आईच्या चांदण्या पंचावर ठेवताक्षणी लोळण घेतात, पाचही टोकं पाच दिशांना. माझ्या अर्ध्यामुर्ध्या मुडपतात. त्या मुलीची चांदणी सरळ गोल झाली, टोकं कुठे गेली कळेना.

आजीच्या आता तीनच उरल्या आहेत. त्यातल्या एकीचा खांब तुटला होता, तो मी नव्या दोऱ्याने सांधला आहे, जवळून पाहिलं की पांढरेपणातला फरक दिसतो. त्या तिन्ही मी पंचाच्या कडेला ठेवल्या. खळ पूर्ण निघालेली होती, दोरा निथळत होता, आणि आठही टोकं जवळजवळ जागच्या जागी होती.

मग डबा घासून त्यात चटणी भरली आणि गाडी पकडायला निघाले.